भिंतीवर एक तरी अस्सल चित्र हवं!

मैत्रिणींनो, गेल्या काही वर्षांत आपल्या गावांमधून किती छान घरं उभी राहिली, नाही का? वाशीम असो, रिसोड असो, कारंजा असो की मंगरूळपीर. जुन्या धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं आली, गावाबाहेर लेआउट पडले, ओट्याला ग्रॅनाइट आलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की आपणही हौसेनं जातो, खोल्या पाहतो, टाइल्सचा भाव विचारतो. आणि हॉलमध्ये बसलो की समोरच्या भिंतीवर काय असतं? सात पांढरे धावणारे घोडे! नाहीतर विजेवर चमकणारा धबधबा. शेजारच्या घरी तेच घोडे, त्याच्या शेजारी तेच. जोडीला आहेरात आलेली चार-पाच घड्याळं आणि प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ.

घर बांधताना पै-पै जोडून आपण पंचवीस-तीस लाख घालतो. दरवाजाचं सागवान कुठलं, नळ कोणत्या कंपनीचा, यावर महिनाभर चर्चा करतो. पण जिच्याकडे घरातली माणसं रोज उठल्यापासून झोपेपर्यंत पाहणार, त्या भिंतीवर काय लावायचं याचा विचार पाच मिनिटंही होत नाही. जे भेट येतं ते लागतं. म्हणून आज ठरवलं, की या विषयावर जरा मनमोकळं बोलावं. घरात एखादं अस्सल, माणसाच्या हातचं चित्र किंवा कलाकृती विकत आणावी, असं मला वाटतं. का वाटतं, तेच सांगते.

हे वाचून काही जणी लगेच म्हणतील, "ताई, ही मुंबई-पुण्याची थेरं. आपल्याला कुठे परवडतात चित्रं?" थांबा. आधी आपल्याच गावाची एक गोष्ट ऐका.

अजिंठ्याला पैसा गेला तो इथूनच!

आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेतला हरिषेण हा राजा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. अजिंठ्याची सोळा क्रमांकाची लेणी खोदवून आणि सजवून घेतली ती या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं. तसा लेखच तिथे कोरलेला आहे. सतरा क्रमांकाची लेणी हरिषेणाच्या एका मांडलिक राजानं करवून घेतली. त्याच सतराव्या लेण्यात हातात आरसा घेऊन शृंगार करणारी राजकन्या आणि तिच्या दासी आहेत. सोळाव्या लेण्यात पती संन्यासी झाल्याचं कळून कोसळलेली सुंदरी आहे. जगभरातून लोक ही चित्रं पाहायला येतात. 1936 च्या अखेरीस अमृता शेरगिल अजिंठा पाहून आली आणि त्यानंतर तिच्या चित्रांचं वळणच पालटलं.

म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसांनी चित्रकाराला काम दिलं, त्याच्या पोटापाण्याची सोय केली, म्हणून अजिंठा झालं. नुसते हात असून भागत नाही. त्या हातांना कुणीतरी "काढ बाबा, मी पैसे देते" असं म्हणणारं लागतं. चित्र विकत घेणं हे आपल्याला परकं कसं म्हणायचं?

आणि राजेरजवाड्यांचं सोडा. आपल्या आज्या-पणज्यांच्या भिंती आठवा. नागपंचमीला भिंतीवर नाग काढले जात, दारापुढे रोज सडा-रांगोळी होई. कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम पाहिलंत तर सुताराचे हात काय करू शकतात ते कळतं. घरात हातची कला नाही असं घर तेव्हा शोधूनही सापडलं नसतं. त्या कलेला "आर्ट" म्हणत नसत, एवढंच.

छापील चित्रानं काय दिलं, काय नेलं

मग हे सगळं गेलं कुठे? 1894 साली राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रं छापून स्वस्तात घरोघर पोचू लागली. त्यापूर्वी तैलचित्र म्हणजे फक्त संस्थानिकांच्या महालातली गोष्ट होती. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात या छापील चित्रांतून देव आले. पुढे दीनानाथ दलालांची 'दीपावली' अंकाची मुखपृष्ठं आली, रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं आली. कॅलेंडरचं वर्ष संपलं तरी चित्र कापून फ्रेम करून घेणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. म्हणून छापील चित्राला मी मुळीच नावं ठेवणार नाही. त्यानं आपल्याला पाहायला शिकवलं.

पण एक गोष्ट झाली. भिंतीवरचं चित्र "आणायचं" असतं, कुणी "काढायचं" नसतं, असं आपल्या डोक्यात बसलं. चित्राला चित्रकार असतो हेच विसरायला झालं. याचं एक मजेशीर उदाहरण सांगते. साडी नेसलेली, हातात दिवा धरून एका हातानं ज्योत झाकणारी बाई, तिच्या चेहऱ्यावर पडलेला सोनेरी उजेड, हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे नक्की पाहिलं असेल. दवाखान्यात, कॅलेंडरवर, साडीच्या दुकानात. कुणालाही विचारा, दहातल्या आठ जणी "रविवर्मा" म्हणतील. ते चित्र रविवर्म्यांचं नाही! ते सावंतवाडीकडच्या, आपल्या मराठी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. नाव 'ग्लो ऑफ होप'. दिवा धरून उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर कोल्हापूरला राहत आणि 2018 साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्या गेल्या. मूळ चित्र जलरंगातलं आहे, आणि ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात आहे. कॅलेंडरवर दिवा पिवळा दिसतो, एवढंच. पण साध्या पाण्याच्या रंगात बोटांमधून झिरपणारा उजेड कसा आणला असेल, हे मूळ चित्रासमोर उभं राहिल्याशिवाय उमगत नाही.

अस्सल आणि छापील यांत फरक आहे तो हाच. छापील चित्र एका नजरेत पाहून होतं. हातचं चित्र पाहून होत नाही. कुठे रंगाचा जाड थर असतो, कुठे कुंचला थरथरलेला असतो, कुठे आधी काढलेली पेन्सिलची रेघ अंधुक दिसत असते. सकाळच्या उन्हात ते वेगळं दिसतं, रात्री ट्यूबलाइटमध्ये वेगळं.

माझ्या स्वयंपाकघराबाहेरचं पद्मतीर्थ

आमच्या घरी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी काढलेलं पद्मतीर्थाचं जलरंगातलं चित्र आहे. दीड फूट बाय एक फूट. पायऱ्या, पाण्यात पडलेली सावली आणि कडेला कपडे धुणारी एक बाई. अकराशे रुपये दिले होते, फ्रेमचे वेगळे. घरी आणलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "एवढ्यात मिक्सरची दोन भांडी आली असती." शेजारच्या काकू तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इतके पैसे कायले घातले वं बाई? खाली जाऊन पाह्यलं तर पद्मतीर्थ फुकटच हाये!"

काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गंमत अशी झाली, की चित्र लागल्यावर त्याच काकू दुपारी आल्या की त्याच्यापुढे उभ्या राहायच्या. "आमच्या वेळी पाणी इथवर असे," असं म्हणून त्यांनी चित्रातल्या पायरीवर बोट ठेवलं आणि मग तासभर जुन्या वाशीमच्या गोष्टी निघाल्या. कुठल्या विहिरीचं पाणी गोड होतं, बालाजीच्या यात्रेत काय काय विकायला येई, सगळं. माझी मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. टीव्ही बंद होता, हे मुद्दाम सांगते! सात घोड्यांच्या चित्रापुढे अशा गप्पा निघालेल्या मी अजून तरी ऐकलेल्या नाहीत.

चित्र लावलं की रक्तदाब उतरतो, घरात बरकत येते, असलं काही मी सांगणार नाही. पण एवढं नक्की सांगेन. कणिक मळून हात धुतले, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आहेत, अशा वेळी दोन मिनिटं त्या पाण्याकडे पाहिलं की डोकं निवतं. दिवसभर सगळ्यांचं पाहणाऱ्या बाईला स्वतःसाठी पाहायला काहीतरी हवं की नको?

दवाखान्यातली भिंत आणि पोस्टातला कारकून

या बाबतीत अलीकडेच एक खरी गोष्ट वाचनात आली. आपल्या पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी 1954 साली 'ग्रामयात्रा' नावाचं जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र काढलं. त्यात खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे आहेत. बायका, गुरं, बैलगाडी. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी नॉर्वेचे एक डॉक्टर, लिओन वोलोदार्स्की, दिल्लीत होते. हुसेन तेव्हा आजच्यासारखे प्रसिद्ध नव्हते. डॉक्टरांना चित्र आवडलं, त्यांनी घेतलं आणि घरी नेलं. 1964 मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळालं आणि कित्येक दशकं तिथल्या भिंतीवर राहिलं. बर्फाच्या देशातले डॉक्टर येता-जाता आपल्या खेड्यातल्या बायका पाहत होते! मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 118 कोटी रुपयांहून जास्त किंमत आली, आणि तो पैसा डॉक्टरांच्या शिक्षणासाठी ठेवायचं ठरलं.

किमतीचा आकडा ऐकून डोळे फिरवू नका. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांच्या एका चित्राला 2013 साली मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाख मिळाले. ते स्वतः मात्र 2001 मध्येच गेले होते आणि दिल्लीत अगदी साध्या खोलीत राहिले होते. असे भाव लाखांतल्या एखाद्या चित्राला येतात. म्हणून "पुढे किंमत वाढेल" या आशेनं चित्र घेऊ नका. त्यासाठी पोस्टाची बचत आहे, सोनं आहे. वोलोदार्स्कींनी चित्र घेतलं ते आवडलं म्हणून, तसंच आपणही घ्यावं.

आणि परवडण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या जोडप्याचं ऐका. हर्बर्ट पोस्टात पत्रं निवडणारा कारकून, डोरोथी ग्रंथालयात नोकरीला. मूलबाळ नाही. तिच्या पगारात घर चालायचं आणि त्याच्या पगारातून चित्रं घ्यायची! नियम दोनच, आपल्याला परवडलं पाहिजे आणि आपल्या एका बेडरूमच्या घरात मावलं पाहिजे. नवख्या, नाव नसलेल्या चित्रकारांकडून ते हप्त्यानं घेत. असं करत करत चार हजारांहून जास्त कलाकृती जमल्या. पलंगाखाली, कपाटामागे, सगळीकडे! 1992 मध्ये त्यांनी तो संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला द्यायचं ठरवलं. विकला असता तर कोट्यधीश झाले असते. घरखर्चातून चार पैसे बाजूला काढून आपल्या आवडीची वस्तू घ्यायची, ही विद्या तर आपल्याला कुणी शिकवायला नको, हो ना?

धुणीभांडी करणारी दुलारी

चित्र विकत घेतलं की पैसा कुणाच्या हातात जातो, तेही पाहू या. 1960 च्या दशकात बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. तिथल्या बायका लग्नकार्यात घराच्या भिंती रंगवत. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिले. भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणाले. भिंत विकता येत नाही, कागद येतो! त्यातून शेकडो घरांत बाईच्या हातचा पैसा आला. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी अशा एकेक बायकांना पद्मश्री मिळाली.

याच मधुबनीतल्या रांटी गावची दुलारीदेवी. मासेमारी करणाऱ्या मल्लाह समाजातली. महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी या नामवंत चित्रकर्त्यांच्या घरी ती घरकाम करायची. काम करता करता पाहत गेली, शिकत गेली. 2021 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. 1 फेब्रुवारी 2025 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन अर्थसंकल्प मांडायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या अंगावर मधुबनी कलेची साडी होती, दुलारीदेवींनी दिलेली!

आपल्या वारलीचंही तसंच. डहाणू-तलासरीकडे लग्नात भिंतीवर चौक लिहायचं काम सवाष्णींचं. गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. आज वारली चित्र चहाच्या कपावर, बेडशीटवर, रिक्षाच्या पाठीवरही छापलेलं दिसतं. पण कपावर छापलेल्या नाचणाऱ्या माणसांचा एक पैसाही डहाणूच्या पाड्यावर पोचत नाही. पाड्यावरच्या मुलीनं काढलेलं वीतभर चित्र घेतलं तर पोचतो.

पंचवीस रुपये रोज

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मुद्दाम जाऊन पाहा. पण संग्रहालयात काचेआड गेलेली कला आणि तांड्यावर जिवंत असलेली कला यांत फरक आहे. बचत गटांच्या कामानिमित्त मी तांड्यांवर जाते, म्हणून सांगते.

बंजारा आज्यांचा फेटिया, काचळी, ओढणी पाहिलीत? आरसे, कवड्या, जुनी नाणी, लाल-पिवळ्या-निळ्या दोऱ्यांचे टाके. प्रत्येकीची नक्षी वेगळी. तरुण मुली आता साडी, पंजाबी ड्रेस घालतात. त्यांना दोष कशाला द्यायचा? पेहराव ज्याचा त्याचा. पण जुन्या फेटियांचं काय होतं? एका तांड्यावर एका आजींनी त्यांच्या आईच्या हातचा फेटिया भांडेवालीला देऊन टाकलेला मी पाहिला. बदल्यात स्टीलचं एक पातेलं! शहरातले व्यापारी तेच कपडे तुकडे करून पिशव्यांना, उशांच्या अभ्र्यांना लावतात आणि चांगल्या पैशाला विकतात.

त्या आजींची नात टाके शिकते आहे. आम्ही तिला सुचवलं, की अख्खा फेटिया नको, फूटभर चौकोनी तुकडा कर. फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावता येईल असा. तिनं सुंदर केला. गटांच्या प्रदर्शनात मांडला. किंमत आठशे रुपये. एक चांगल्या घरातली बाई आली, तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "तीनशेला देतेस का?" पोरगी शांतपणे म्हणाली, "ताई, बारा दिवस लागले. तीनशेला देलं तं दिवसाचे पंचवीस रुपये पडते. निंदाले गेली असती तं त्यापेक्षा जास्त भेटले असते."

ती बाई न घेता निघून गेली. मैत्रिणींनो, त्या पोरीचा हिशेब चुकला होता का? भाजीच्या गाडीवर आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, ती सवय इथे चालत नाही. निंदणाला जास्त पैसे मिळत असतील तर ती उद्या निंदणालाच जाईल, आणि तिच्या आजीबरोबर ते टाकेही जातील. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी बायकांनी ही वेळ येऊ दिली नाही. तिथल्या भरतकामाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै 2023 मध्ये हंपीला जी-20 च्या बैठकीवेळी साडेचारशेहून अधिक बायकांच्या हातच्या 1755 वस्तू मांडून गिनीज विक्रम झाला. त्या बायका आणि आपल्या तांड्यावरच्या बायका एकाच गोतातल्या. आपल्याकडे कमी आहे ते गिऱ्हाईक!

आमची चित्रभिशी

मग आम्ही काय केलं? आम्हा बारा जणींची भिशी आहे. त्यातच दरमहा शंभर रुपये वेगळे काढायचं ठरवलं. महिन्याचे बाराशे होतात. जिची चिठ्ठी निघेल तिनं त्या पैशातून हातानं केलेली एक कलाकृती घ्यायची. अट एकच. करणाऱ्याचं नाव, गाव आणि ती कशी केली, हे पुढच्या भिशीत सगळ्यांना सांगायचं. घड्याळ, भांडं, साडी चालणार नाही.

पहिल्या महिन्यात सगळ्या हसल्या. आता चिठ्ठी कुणाची निघते याची वाट पाहतात. एकीनं वारली चित्र आणलं, एकीनं त्या पोरीच्या हातचा भरतकामाचा तुकडा घेतला, पूर्ण आठशेला!

आमच्यातली एक वहिनी एकत्र कुटुंबातली. घरात रंग कोणता द्यायचा, पडदे कसले, सगळं मोठी माणसं ठरवणार. तिनं एका तरुण चित्रकाराकडून सोयाबीन सोंगणाऱ्या तीन बायकांचं चित्र घेतलं. बाराशे भिशीचे आणि आठशे तिच्या डब्यातले. सासरे म्हणाले, "सूनबाई, भिंतीवर देवाधर्माचे फोटो लावा लागते. वावरातल्या बाया कायले लावता?" ती म्हणाली, "बाबा, माझी माय अशीच सोंगे. तिच्याच भरोशावर मी शिकली." एवढंच बोलली. चित्र लागलं. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर त्या घरात तिनं एकटीनं निवडलेली ती पहिली वस्तू होती. आता सासरेच पाहुण्यांना दाखवतात, "मधली बाई पाहा, तिच्या डाव्या हातात इळा हाये. डावखुरी दाखोली पोट्ट्यानं!" हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

घेताना आणि सांभाळताना

आता थोडं कामाचं. चित्र कुठे मिळेल? सुरुवात आपल्याच गावापासून करा. शाळांमधले कला शिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत चमकलेली आणि पुढे कला महाविद्यालयात गेलेली मुलं यांच्याकडे चित्रं पडून असतात. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तिथे कारागीर स्वतः बसलेले असतात. मुंबईला गेलात तर जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार चित्रं मांडतात. आत पाहायला पैसे पडत नाहीत. बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शनही आहेच.

अस्सल कसं ओळखायचं? साधं भिंग लावून पाहा. छापील चित्रात बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हातच्या चित्रात रंगाचे फराटे, कागदाचा पोत दिसतो. कॅनव्हासवरही हल्ली छापतात, म्हणून तिरप्या उजेडात रंगाचा उंचसखलपणा पाहा. चित्रकाराची सही, वर्ष पाहा आणि नाव-किंमत लिहिलेली पावती मागून घ्या. आणखी एक. चित्र आपण घेतलं तरी त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क आपल्याला मिळत नाही. 1957 च्या कायद्यानुसार तो सहसा चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि नंतर वारसांकडे 60 वर्षं.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या भिंतीवर थेट ऊन येतं तिथे जलरंगाचं चित्र लावू नका, रंग उडतो. कूलरच्या समोर आणि ओल येणाऱ्या भिंतीवरही नको. कागदावरच्या चित्राला फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घालायला सांगा. काच चिकटली तर पावसाळ्यात बुरशी धरते. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीशी हवा खेळती राहते. तैलचित्र ओल्या फडक्यानं कधीही पुसू नका, मऊ कोरडा ब्रश पुरे. भरतकामाचं जुनं कापड एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवू नका. सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून, अधूनमधून घडी बदलून ठेवा.

आणि घेताना घाई करू नका. समजत नाही म्हणून लाजायचं कारण नाही. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडून आपण नेमकी एक उचलतो, तेव्हा कुठे आपण वस्त्रशास्त्र शिकलेलो असतो? डोळ्याला जे पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं, ते आपलं. चित्रकाराला विचारा, हे का काढलं, किती दिवस लागले. तो आनंदानं सांगेल, कारण हे त्याला फारसं कुणी विचारतच नाही.

यंदा दिवाळीला घर रंगवून झालं की एक भिंत मोकळी ठेवा. आहेरातलं घड्याळ लगेच टांगू नका. आपल्या तालुक्यात कोण चित्र काढतं, कोण माती घडवतं, कुणाच्या हातात टाके आहेत, याची महिनाभर चौकशी करा. मुलांना सोबत न्या. भाव करायची वेळ आली की आधी दिवस किती लागले ते विचारा आणि मनातल्या मनात भागाकार करा. मग जे घ्याल त्याच्या मागे पेन्सिलीनं करणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवा. उद्या आपल्या नातवंडांना ते कुणी केलं हे ठाऊक असायला हवं.